अंडरटेकरचे सात जन्म

२४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हल्क होगन या व्यावसायिक मल्लाचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात कुणीतरी ही बातमी मोठ्याने वाचली. पुढचा पाऊण तास तिथे जे चालले ते नॅकच्या समितीने पाहिले असते, तर आमच्या मूल्यांकनाचे काही खरे नव्हते. भौतिकशास्त्र शिकवणारे एक अत्यंत गंभीर सहकारी उठून उभे राहिले, त्यांनी कानामागे पंजा धरला आणि नसलेल्या प्रेक्षागाराचा जयघोष ऐकण्याचा आविर्भाव केला. अर्थशास्त्राच्या बाईंना ब्रेट हार्टच्या गुलाबी चष्म्यासकट सारे आठवत होते. वाणिज्य विभागातल्या एकाने योकोझुनाचे वजन पौंडांत सांगितले आणि ते चूक असल्याचे दुसऱ्याने तत्काळ दाखवून दिले. सगळे चाळिशीतले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच लकाकी.

आम्ही दोघे मराठी शिकवतो आणि हे टिपण दोघांनी मिळून लिहिले आहे. एकाचे बालपण कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात गेले, दुसऱ्याचे डोंबिवलीत. एकाने दहावीपर्यंत लोकल पाहिली नव्हती, दुसऱ्याने उसाचा फड पाहिला नव्हता. तरी दोघांच्या दप्तरात, वह्यांच्या आड, रबर लावून ठेवलेला ट्रम्प कार्डांचा जोड मात्र तंतोतंत एकच होता. त्या दिवशी प्राध्यापक-कक्षातून बाहेर पडताना एक शंका मनात आली ती अशी, की आपण नेमके कशासाठी हळहळतो आहोत? ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असे, तिच्या आठवणीने चाळिशीतली, बऱ्यापैकी वाचलेली माणसे एवढी हलतात, तेव्हा त्या आठवणीत काय राहिले आहे आणि काय वगळले गेले आहे, हे तपासून पाहावेसे वाटले.

हाँगकाँगहून प्रक्षेपित होणाऱ्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या १९९१ पासून आपल्याकडे दिसू लागल्या. गच्चीवर तबकडी आली, तबकडीपासून विजेच्या खांबांवरून लोंबकळत काळ्या तारा घरोघर गेल्या आणि त्या तारांतून डब्ल्यूडब्ल्यूएफ आले. (हे नाव २००२ साली बदलले. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या जागतिक निधीने त्या तीन अक्षरांवरचा आपला हक्क न्यायालयात राखला आणि कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई झाली. आमच्या पिढीच्या तोंडून अजूनही 'एफ'च बाहेर पडतो.) समालोचन इंग्रजीत असे. त्यातले आम्हाला एक अक्षर कळत नसे आणि त्यामुळे काही बिघडतही नसे. काळ्या कोटातला उंच, फिकट माणूस घंटेच्या ठोक्यावर अंधारातून चालत येतो, त्याच्यापुढे हातात अस्थिकलश घेतलेला एक गुबगुबीत गृहस्थ चालतो, यात भाषांतर करण्यासारखे काय होते? अस्थिकलश म्हणजे काय हे आमच्याकडच्या मुलांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

याच अंडरटेकरविषयी आमच्या दोघांच्या शाळांत एकच आख्यायिका होती. त्याला सात जन्म आहेत, त्यातले काही संपले आहेत आणि उरलेले तो जपून वापरतो. किती संपले यावर मतभेद होते. डोंबिवलीत पाच धरत, कोल्हापूरकडे सहा. पुढे इतर गावच्या मित्रांकडून कळले, की ही कथा नागपूरलाही होती आणि बेळगावलाही. वर्तमानपत्रात ती कधी आली नव्हती, पडद्यावर कुणी सांगितली नव्हती. कंपनीने दाखवले होते ते एवढेच, की जानेवारी १९९४ मध्ये प्रॉव्हिडन्स येथे योकोझुनाशी झालेल्या लढतीत दहाजणांनी मिळून अंडरटेकरला शवपेटीत कोंबले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागो येथे तो परतला. मधल्या रिकाम्या जागेत पुनर्जन्माचे गणित महाराष्ट्रातल्या पोरांनी स्वतःच मांडले. लोककथा कशी जन्मते हे आम्ही आज वर्गात पुस्तकांतून शिकवतो. तेव्हा आम्ही ती स्वतः तयार करत होतो, हे ध्यानात यायला पंचवीस वर्षे लागली.

शिकागोच्या त्या लढतीत खऱ्या अंडरटेकरसमोर एक तोतया अंडरटेकर उभा केला होता. ब्रायन ली हे त्या मल्लाचे नाव. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अक्षयकुमारने ज्याला उचलून आपटले, तो हाच ब्रायन ली. म्हणजे आमच्या शाळेत 'अंडरटेकरला आपल्या माणसाने हरवले' म्हणून जो जल्लोष झाला, तो तोतयाच्या पराभवाचा होता. २०२१ मध्ये अक्षयकुमारने स्वतःच हा खुलासा केला. आम्हाला तो वाचून थोडे वाईट वाटले, हे कबूल करायला हवे.

आता थोडे मागे जायला हवे. अमेरिकेतील या कुस्तीचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फिरत्या जत्रांत आहे. तंबूत एक मल्ल असे. गावातल्या कुणीही त्याच्यासमोर ठरावीक वेळ टिकून दाखवावे आणि बक्षीस न्यावे. गावकऱ्यांत मिसळलेला एखादा माणूस कंपनीचाच असे. तो आधी जिंकायचा, मग पैजा वाढायच्या. 'केफेब' हा या धंद्याचा गुप्त शब्द त्याच जत्रांच्या बोलीतून आला असे मानतात. त्याचा अर्थ असा, की बाहेरच्या माणसासमोर सोंग उतरवायचे नाही. पुढे १९२०च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस हा मल्ल आणि त्याचे दोन साथीदार, बिली सँडो आणि टूट्स माँट, यांनी या जत्रेच्या विद्येला कारखान्याचे रूप दिले. तासन्‌तास एकमेकांना धरून बसणारे मल्ल तिकीट काढणाऱ्याला कंटाळवाणे होतात, हे त्यांनी ओळखले. वेळेची मर्यादा आली, नेत्रदीपक फेकी आल्या, एकच संच गावोगाव फिरू लागला आणि कोण जिंकणार हे कचेरीत ठरू लागले.

या कारखान्यात एकदा मोठी गंमत झाली, आणि तिचा धागा थेट आपल्याकडे येतो. १९२५ साली या त्रिकुटाने वेन मन नावाच्या एका फुटबॉलपटूला विजेता बनवून टाकले. देखणा, धिप्पाड, पण कुस्तीत कच्चा. त्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया येथे त्याच्यासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को याला उभे केले गेले. पंचेचाळिशीतला, थकत आलेला हा मल्ल ठरल्याप्रमाणे पडणार, अशी बोली होती. झिबिस्कोने विरोधी गोटाशी संधान बांधले होते. आखाड्यात उतरल्यावर त्याने ठरलेले सारे बाजूला ठेवले आणि मनला खरोखरीची कुस्ती करून पुनःपुन्हा चीत केले. हाच झिबिस्को १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामाशी अडीच तासांहून अधिक वेळ लढला होता. बहुतेक वेळ तो चटईला चिकटून बसला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही. आणि हाच झिबिस्को १९२८ साली पतियाळ्याला आला, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. गामाची ती कुस्ती आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पण समोरचा मल्ल अमेरिकेतल्या ठरवलेल्या कुस्त्यांच्या बाजारातून आला होता आणि तिथेही त्याने एकदा खरी कुस्ती खेळून सर्वांना फसवले होते, हे कुणी सांगत नाही. खरी आणि खोटी कुस्ती ही दोन वेगळी राज्ये आहेत आणि मध्ये भिंत आहे, अशी आपली समजूत असते. झिबिस्को त्या भिंतीतून आरपार ये-जा करत होता.

दूरचित्रवाणी आली ती या धंद्याच्या पथ्यावर पडली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत संच महाग होते, कॅमेरे अवजड होते आणि एकाच चौकोनात, भरपूर उजेडात घडणारा, स्वस्तात दाखवता येणारा खेळ कुस्तीसारखा दुसरा नव्हता. ड्यूमाँट या वाहिनीने शिकागोच्या मेरीगोल्ड सभागृहातील कुस्त्या १९४९ ते १९५५ पर्यंत दाखवल्या. त्या काळाचा नायक जॉर्ज वॅग्नर, ऊर्फ 'गॉर्जस जॉर्ज'. सोनेरी कुरळे केस, झुलीसारखे रेशमी अंगरखे, आणि आखाड्यात पाऊल टाकण्याआधी अत्तर शिंपडणारा नोकर. त्याचा पराभव पाहायला लोक पैसे मोजत. १९६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

जपानमध्ये तर दूरचित्रवाणीचे युग कुस्तीनेच रुजवले असे म्हणता येईल. फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिदोझान या मल्लाने आपल्या साथीदारासह शार्प बंधूंशी झुंज दिली, तेव्हा घरी संच परवडत नसल्याने टोकियोच्या शिंबाशी स्थानकासमोरील सार्वजनिक संचापुढे अलोट गर्दी लोटली. युद्धात हरलेला देश आपला माणूस धिप्पाड अमेरिकनांना पाडताना पाहत होता. वास्तविक शार्प बंधू कॅनडाचे होते आणि रिकिदोझानचा जन्म कोरियातला. तो त्याने आयुष्यभर लपवून ठेवला. ज्या रात्री टोकियोतले लोक रडले, त्या रात्री आखाड्यात ना कुणी अमेरिकन होता ना त्यांचा नायक त्यांना वाटत होता तसा जपानी. रडणे मात्र खरे होते आणि त्यामागचे दुःखही.

आपल्याकडे आमच्या आधीच्या पिढीने हा प्रकार पडद्यावर नव्हे, मैदानात पाहिला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधील दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. त्या कुस्त्यांनी मराठीला 'फ्रीस्टाइल' हा शब्द दिला. नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या, की वार्ताहर आजही तो हमखास वापरतात. 'नुरा कुस्ती' हा शब्दही असाच राजकीय स्तंभांत जाऊन बसला आहे. एका शब्दाला बेबंद मारामारीचा अर्थ चिकटला, दुसऱ्याला संगनमताचा. वस्तुतः दोन्ही शब्द एकाच खेळाचे वर्णन करतात, हे भाषेच्या अभ्यासकांना रंजक वाटावे. असो.

एम. ए.ला असताना रोलाँ बार्थ याचा कुस्तीवरचा निबंध आमच्या हाती लागला. 'मिथॉलॉजीज' या १९५७च्या पुस्तकाची सुरुवातच त्याने होते. पॅरिसच्या कळकट सभागृहांतील कुस्त्या पाहून बार्थ म्हणतो, की हा खेळ नव्हेच, हे नाट्य आहे. लढत ठरलेली आहे का, या प्रश्नाशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते. त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची ठसठशीत, सर्वांना वाचता येतील अशी रूपे पाहायची असतात. वाचून आम्हाला केवढा दिलासा मिळाला! लहानपणी जे चोरून पाहिले, त्याला ग्रीक शोकांतिकेचे गोत्र मिळाले होते. पुढे कित्येक वर्षे कुणी 'ते सगळे खोटे असते हो' असे म्हणाले, की आम्ही बार्थ पुढे करत असू.

आज मात्र बार्थ पुरेसा वाटत नाही. आणि त्याचे कारण आमच्यापैकी एकाच्या आजोबांनी, बार्थचे नावही न ऐकता, १९९४ सालीच सांगून ठेवले होते.

आजोबा तरुणपणी गावच्या तालमीतले. कान मोडलेले, गुडघे गेलेले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात आपण एकदा जोडीत उतरलो होतो, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. निकाल काय लागला हे ते सांगत नसत. नातवंडे पडद्याला चिकटली, की तेही काठी टेकत येऊन बसत. सुरुवातीला त्यांचा संताप पंचावर असे. "ह्यो पंच हाय का त्याचा मेव्हना?" असे ते विचारत. पाठ टेकूनही कुस्ती सुटत नाही, मल्ल आखाड्याबाहेर जाऊन खुर्ची घेऊन येतो, हे त्यांना सोसत नसे. आम्हाला वाटे, आता ते बंद करा म्हणतील. एके दिवशी अंडरटेकरने कुणालातरी गळ्याला धरून वर उचलले आणि आपटले. आम्ही ओरडलो. शेजारचा एक थोरला मुलगा शहाणपणाने म्हणाला, की हे नाटक असते, लागत नाही. आजोबा त्याच्याकडे वळले. "निकाल लबाडीचा आसंल. आपटणं न्हाई. आवाज ऐक, खाली फळ्या हायती."

तालमीची माती ते स्वतः वळत असत. तीत तेल, ताक, हळद घालून ती लोण्यासारखी ठेवावी लागते, कारण पाठ टेकणाऱ्याची पाठही दुसऱ्या दिवशी कामाला लागली पाहिजे, असे ते सांगत. पडद्यावरच्या त्या चौकोनात पोलादी तुळयांवर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि त्यावर ताणलेले कापड असते. हे आम्हाला फार पुढे वाचून कळले. आजोबांनी ते आवाजावरून ओळखले होते.

आम्ही ते ऐकले आणि विसरलो. थोडे दिवस गेले आणि इकडे डोंबिवलीत आमच्यापैकी दुसऱ्याने मावसभावावर अंडरटेकरचा 'टूम्बस्टोन' हा डाव दोन गाद्या अंथरून करून पाहिला. मावसभाऊ सहा आठवडे मानेला पट्टा लावून शाळेत गेला. आईने केबलवाल्याला बोलावून तार काढून टाकायला लावली, ती वार्षिक परीक्षेनंतर पुन्हा जोडली गेली. लागत नाही म्हणतात ना, मग लागले कसे, हा प्रश्न आम्हाला त्या सहा आठवड्यांत एकदाही पडला नाही. आपल्याला नीट जमले नाही, एवढेच वाटले.

त्याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते, हे आता माहीत आहे. कुस्ती खरी की खोटी, हे रहस्य आम्ही मधल्या सुट्टीत भांडून सोडवत होतो. कंपनीने ते स्वतःच कधीचे सांगून टाकले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीच्या वतीने मान्य करण्यात आले, की ही स्पर्धा नव्हे, मनोरंजन आहे. त्यामागे सत्यप्रेम नव्हते. खेळ म्हटले, की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नावरचा करही. करमणूक म्हटले, की दोन्ही टळतात. आणि त्या देखरेखीबरोबर लढतीपूर्वीची मल्लांची सक्तीची वैद्यकीय तपासणीही टळते. शंभरेक वर्षांच्या जत्रेचे गुपित असे एका करसवलतीसाठी फोडले गेले.

ट्रम्प कार्डांवर काय छापलेले असे, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. दंडाचा आकडा हा हुकमी. 'बायसेप्स' हा बहुधा आम्ही शिकलेला शरीरशास्त्रातला पहिला इंग्रजी शब्द असावा. ते इंच कुठून येत होते? जून १९९१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील जॉर्ज झहोरियन हा डॉक्टर मल्लांना स्टेरॉइड विकल्याबद्दल दोषी ठरला. तो राज्याच्या क्रीडा आयोगानेच आखाड्याशेजारी नेमलेला डॉक्टर होता. (म्हणजे देखरेख होती तेव्हाही तिचे स्वरूप असे होते, हे लक्षात घेऊ.) जुलै १९९४ मध्ये कंपनीचे मालक विन्स मॅकमहन यांच्यावर स्टेरॉइडवाटपाच्या कटाचा खटला चालला. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. पण त्या खटल्यात हल्क होगनने शपथेवर सांगितले, की १९७६ पासून आपण स्टेरॉइड घेत आलो. लहान मुलांना व्यायाम करा, प्रार्थना करा, जीवनसत्त्वे घ्या असे सांगणारा हाच तो नायक. आम्ही शाळेच्या कट्ट्यावर त्याच्या दंडाचे इंच ओरडून पत्ता मारत होतो, त्याच महिन्यांत हे चालले होते.

दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. १९८६ साली जेसी व्हेंचुरा या मल्लाने सहकाऱ्यांना सुचवले, की आपण कामगारांची संघटना करू. मल्लांना कंपनीचे नोकर न मानता 'स्वतंत्र कंत्राटदार' मानले जाई. आरोग्यविमा नाही, निवृत्तिवेतन नाही, गाडीभाडे आणि मुक्कामाचा खर्चही बहुतेकांचा आपापला. लवकरच मालकाचा दूरध्वनी आला आणि विषय संपला. चुगली कुणी केली हे त्याला कित्येक वर्षे कळले नाही. पुढे त्याने स्वतःच्या मानधनासाठी कंपनीवर दावा लावला. त्या दाव्यात मॅकमहन यांच्या जबानीतून नाव बाहेर आले, ते होगनचे. व्हेंचुराने ही हकीकत नंतर अनेकदा सांगितली आहे. लढतीचा निकाल ठरवून लावणे याला नुरा म्हणतात, तर याला काय म्हणावे? आखाड्यात होगनचे शत्रू रोज बदलत. मालकाशी त्याची जोड मात्र काटाजोड कधीच नव्हती.

आणि हा मालक आमच्या घरात दर आठवड्याला बोलत होता! नव्वदीच्या पूर्वार्धात समालोचन करणारा, प्रत्येक उलटफेरावर घशाच्या शिरा ताणून आश्चर्य व्यक्त करणारा तो आवाज विन्स मॅकमहन यांचाच. कोण पडणार, कोण उठणार, कुणाचा पट्टा कुणाकडे जाणार हे त्या सभागृहात सर्वांत आधी ज्याला ठाऊक होते, तोच सर्वांत जास्त चकित होत होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियल येथे ब्रेट हार्टला ठरल्याविरुद्ध, त्याच्या नकळत हरवले गेले. ब्रेट आखाड्यातून मालकाच्या तोंडावर थुंकला, आणि मग कुठे आम्हाला या समालोचकाची खरी ओळख पटली. बार्थने पॅरिसच्या सभागृहात मल्ल पाहिले, प्रेक्षक पाहिले. तिकिटाचे पैसे मोजणारा तंबूचा मालक त्याच्या निबंधात कुठे येत नाही. तमाशाच्या फडावर लिहिणाऱ्या आमच्या जुन्या रसिक समीक्षकांचेही असेच होई. लावणीच्या अदाकारीवर दहा पाने, आणि कलावंतिणीने मालकाकडून घेतलेल्या उचलीवर एक ओळही नाही.

आता तो जोड. आमच्यापैकी एकाकडे तो अजून आहे, सात-आठ पत्ते हरवलेला. होगन गेल्यानंतरच्या रविवारी आम्ही तो मांडून बसलो. आंद्रे द जायंट, जानेवारी १९९३, वय ४६. रिक रूड, १९९९, वय ४०. योकोझुना, २०००, वय ३४. तो जपानी सुमो म्हणून मिरवला जाई, प्रत्यक्षात सामोअन वंशाचा अमेरिकन होता. इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना लिव्हरपूलच्या हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. ब्रिटिश बुलडॉग, २००२, वय ३९. मिस्टर परफेक्ट, २००३, वय ४४. बिग बॉस मॅन, २००४, वय ४१. अर्थक्वेक, २००६, वय ४२. क्रश, २००७, वय ४३. बॅम बॅम बिगेलो, २००७, वय ४५. अल्टिमेट वॉरियर बराच टिकला म्हणायचा, २०१४, वय ५४. कारणे वेगवेगळी आहेत. कुणाचे हृदय, कुणाचा कर्करोग, कुणाच्या शरीरात वेदनाशामक औषधांचे मिश्रण. सगळ्यांचा हिशेब एकाच खाती घालणे योग्य होणार नाही. तरी आम्ही दोघे आज ज्या वयाचे आहोत, त्या वयापर्यंत यातले बहुतेक पोचले नाहीत, हे पत्ते हातात धरून मोजताना अंगावर येते. त्या पत्त्यांवर वयाचा रकाना नव्हता.

यावर एखादा वाचक म्हणेल, की मग त्या सुखाचे काय? ते खोटे होते का? आम्हाला तसे म्हणायचे नाही. अस्थिकलश उंचावला गेला आणि निपचित पडलेला अंडरटेकर कमरेतून ताठ उठून बसला, तेव्हा जो शहारा आला तो आम्ही परत देणार नाही. आजही जालावर ती चित्रफीत लागली, की तो येतो. अस्थिकलशवाला तो गृहस्थ, विल्यम मूडी, आखाड्यात येण्यापूर्वी खरोखरच अंत्यविधीच्या व्यवसायात होता, हे अलीकडे वाचले तेव्हाही आला. मार्क कॅलवे या नावाचा माणूस तीस वर्षे तो काळा कोट वागवत राहिला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, आपल्या पदार्पणाच्या तिसाव्या वाढदिवशी, रिकाम्या प्रेक्षागारात निरोप घेऊन गेला. बाहेर साथ चालू होती. तो निरोप आम्ही दोघांनी आपापल्या घरी, आपापल्या फोनवर पाहिला आणि रात्री एकमेकांना त्याविषयी काहीच लिहिले नाही. आमचा आक्षेप त्या शहाऱ्यावर नाही. 'खरे की खोटे' या एकाच प्रश्नात आम्ही सगळी शक्ती घालवली आणि तो प्रश्न मालकाला फार सोयीचा होता, एवढेच आमचे म्हणणे. पट्टा खोटा, वैर खोटे, देश खोटा, शवपेटीतले मरण खोटे. या खोट्यांच्या ढिगाखाली ज्या फळ्या होत्या, त्या आजोबांखेरीज कुणाला ऐकू आल्या नाहीत.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केंपर अरीनात ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट विनोदी वेशात, पिसांची झूल पांघरून, छतावरून दोरीने आखाड्यात उतरणार होता. वर लावलेला चाप सुटला आणि तो अठ्ठ्याहत्तर फुटांवरून खाली आला. वय ३४. घरी पाहणाऱ्यांना पडणे दाखवले गेले नाही. समालोचक जिम रॉस पुनःपुन्हा सांगत राहिला, की हा कार्यक्रमाचा भाग नाही. ओवेनला रुग्णालयात नेल्यानंतर पुढच्या लढती त्याच आखाड्यात झाल्या. कार्यक्रम थांबला नाही. त्याच्या पत्नीने लावलेला दावा पुढच्या वर्षी एक कोटी ऐंशी लाख डॉलरांवर मिटला.

तेव्हा आम्ही सतरा-अठरा वर्षांचे होतो. बातमी खरी आहे हे आम्हाला कळत होते. आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ मात्र नऊ वर्षांचा होता आणि त्याला हे पटवून देणे कठीण गेले. त्याला वर्तमानपत्रातला तुकडा वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की ओवेनचा हा कितवा? त्या पावसाळ्यात तो दर आठवड्याला, लढती संपून अखेरची नावे वर सरकत जाईपर्यंत, पडद्यासमोरून उठत नसे.